डाव्या पुडीचा रवा

ही हकीकत खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्यानं कुंभकोणमला जावं, श्रीकरला गाठावं आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारावं. तो नाकारणार नाही. फक्त विषय बदलेल.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. गेल्या वर्षीच्या आडी महिन्यातली, म्हणजे तमिळ आषाढातली, शुक्रवारची दुपार, तीनचा सुमार. सारंगपाणीच्या देवळामागची गल्ली उन्हानं ओस पडली होती.

श्रीकर बेस गिटार वाजवतो. गाण्याच्या तळाशी जाड, खोल आवाज चालत असतो ना, तो त्याचा. चेन्नईची संगीतकार पंकजा त्याला गाणी पाठवायची आणि तो त्यांना बेसच्या ओळी रचून द्यायचा. त्या दिवशी सकाळीच तिनं फोनवर सुनावलं होतं, "मागच्या तिन्ही ओळी कुठेतरी ऐकलेल्याच होत्या. सहापर्यंत तुझी स्वतःची ओळ दे. नाहीतर मी दुसरा वादक बघते."

शब्द जिव्हारी लागले. कारण ते खरे होते.

घरात तो एकटाच. धनलक्ष्मी काकी बहिणीकडे नाचियार्कोविलला गेल्या होत्या. श्रीकरनं ड्रमच्या ठोक्याला धरून वाजवून पाहिलं. गायिकेच्या मागे मागे जाऊन पाहिलं. बोटांतून निघे ते सगळं उष्टं.

मग त्याला व्यासराज काका आठवले. काका मृदंग वाजवायचे. खालच्या सुरांचं जे काही श्रीकरला येतं, ते त्यांच्या डाव्या हाताकडे बघून. काका म्हणायचे, "आधीं गप्प बस. कोठें वाजवूं नये तें कळलें कीं, कोठें वाजवावें तें कळतें."

त्यानं गाणं पुन्हा लावलं. गिटार मांडीवर ठेवली. डोळे मिटले.

आणि...

धुम्.

शेजारच्या खोलीतून.

बराच वेळ काही नाही. मग... धुम्. धु-धुम्.

गायिका जिथे श्वास घेत होती, बरोबर तिथेच.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण आधी झाला तो आनंद! हीच ती ओळ. श्रीकरची बोटं तारांवर पडली. दहा मिनिटांत सगळी ओळ रेकॉर्ड झाली. गिटारची वायर थेट लॅपटॉपमध्ये होती. घरात माईक नव्हता. एवढं लक्षात ठेवा.

गाणं संपलं. घर गप्प झालं.

तेव्हा कुठे त्याच्या अंगावर काटा आला.

शेजारच्या खोलीत काकांचा मृदंग होता. वर्षभर खोळीत पडलेला.

मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, ओला रवा लावतात, म्हणजे आवाज खोल येतो. काकांचा रवा लहानपणापासून श्रीकरच लावायचा. भजन संपलं की तो लगेच खरडून काढायचा, असा घरातला नियम. मगच वाद्याला विसावा आणि वाजवणाऱ्यालाही.

पण त्या शेवटच्या एकादशीला भजन संपलंच नाही. समाप्तीचं मंगळ म्हणायच्या आधीच काका मृदंगावर कोसळले. दवाखान्याच्या धावपळीत रवा तसाच राहिला. काका परत आले नाहीत. रवा वाळून दगड झाला. काकींनी दहादा सांगितलं, श्रीकरनं दहादा टाळलं.

त्यानं खोळ सोडली.

रवा... ओला होता.

आणि त्यात चार बोटं उमटली होती.

श्रीकरनं दार ओढून घेतलं. ओळ पाठवून दिली. साडेसहाला पंकजाचा फोन आला.

"अशी ओळ मी कधी ऐकली नव्हती! खरंच तुझी?"

"हो," श्रीकर म्हणाला. "माझीच."

"आणि मृदंग कुणी वाजवलाय? मधल्या जागांत हळूच ऐकू येतोय. गाण्याखाली नाव द्यायला हवं."

श्रीकरनं ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं.

"नाव नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकी परतल्या. मृदंग पाहिला आणि खालीच बसल्या.

"श्रीकरा, त्यांचें भजन संपलें नाहीं रे. अजून बसले आहेत. मंगळ म्हण, रवा खरड, त्यांस सोड."

"सरी, बरें काकी. सोडतों."

त्यानं सुरी आणली. पुडीला लावली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पंकजाचा निरोप. दुसरं गाणं. *अशीच ओळ हवी. गुरुवारपर्यंत.*

श्रीकरनं सुरी जागेवर ठेवली.

काकी रडल्या, भांडल्या आणि कायमच्या बहिणीकडे निघून गेल्या. श्रीकरनं त्यांना सांगितलेली ही हकीकत त्यांच्याच तोंडून बाहेर आली.

आजवर अकरा गाणी झाली. सगळ्यांखाली एकच नाव, श्रीकरचं. त्याच्या ओळींचं कौतुक चेन्नईभर चालतं. पंकजा म्हणते, अलीकडे ठोका किंचित मागे पडतो, काय गोड वाटतं!

श्रीकरला कारण ठाऊक आहे. भजन लांबलं, हात भरून आला, की काकांचा ठोका असाच मागे पडायचा.

रोज दुपारी तो सुरी घेऊन त्या दाराशी उभा राहतो. आज खरडायचाच, असं ठरवून.

आतून... धुम्.

खूप वेळानं... धुम्.

तो ऐकतो. सुरी खाली ठेवतो.

आणि गिटार आणायला वळतो.