पंखा तर बंद होता!

"साहेब, व्हायोलिन आहे हो आत, बॉम्ब नाही!" ती काकुळतीनं म्हणाली.

पण व्हिसा ऑफिसचा पहारेकरी काही बधेना. एवढी मोठी पेटी आत जाणार नाही म्हणजे नाही. आणि तिचा नंबर तर लागलेला! बाहेरच्या बाकावर एक चष्मेवाला कानाला हेडफोन लावून बसला होता. तिनं मागचापुढचा विचार न करता पेटी त्याच्या मांडीवर ठेवली.

"जरा सांभाळाल? आलेच मी..."

"आणि घेऊन पळालो तर?"

"वाजवता येतं?"

"छे."

"मग पळून काय करणार?" आणि तीच आत पळाली.

परदेशात स्वतंत्र कलाकार म्हणून राहायचा व्हिसा हवा होता तिला. हॉटेलांच्या कोपऱ्यात, काट्याचमच्यांच्या खणखणाटात वाजवून ती विटली होती. तिकडे एक वाद्यवृंद आणि एक नृत्यमंडळी तिला काम द्यायला तयार होती. पण काउंटरवरच्या बाईंनी तिचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि ओठ मुडपले. "यात तुमच्यापेक्षा शेजाऱ्यांचं कुत्रंच जास्त ऐकू येतंय. महिनाअखेरपर्यंत चांगलं काहीतरी पाठवा."

ती तणतणत बाहेर आली. तो पेटी तान्ह्या बाळासारखी धरून बसला होता.

"झालं काम?"

"डोंबलाचं! आता रेकॉर्डिंग कुठून आणू?"

तो हसला... गालातल्या गालात. "बहिणीला सोडायला आलो होतो इथे. एरवी माझं पोट रेकॉर्डिंगवरच चालतं."

सायकलच्या दुकानावरची एक खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. सकाळी तिथे साबणाच्या जाहिराती व्हायच्या, संध्याकाळी ती यायची. तिनं वाजवलं की तो डोळे मिटून ऐकायचा. मग हळूच म्हणायचा, "सुरेख... पण पंखा ऐकू आला. पुन्हा एकदा?"

दुसऱ्या दिवशी बाहेरचा पाऊस ऐकू आला. मग खालची सायकलची घंटी. माइक सरकवताना त्याची बाही तिच्या मनगटाला लागायची, आणि कुठून सुरू करायचं तेच ती विसरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

घरी तिचा पाय ठरेना. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीतून जिन्यात. "पायाला भिंगरी लागलीय का गं?" आई वैतागायची. "व्हिसाचंच टेन्शन ना?"

"हो... व्हिसाचंच."

महिना सरत आला. त्या संध्याकाळी तो पुन्हा म्हणाला, "पंख्यामुळे जरा—"

"पंखा बंद आहे," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. पंखा खरंच बंद होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पहिल्याच दिवशीचं उत्तम झालं होतं," तो म्हणाला. "पण ते पाठवलं की तू जाणार. म्हणून मी... फार वाईट वागलो. तुझं नुकसान झालं असतं. आत्ता पाठवतो, तुझ्यासमोर."

तिला चिडायचं होतं. चांगलं कडाकडा भांडायचं होतं. पण तिनं व्हायोलिन नुसतंच मांडीवर घेतलं.

"माझे कान काय बहिरे वाटले तुला?" ती कशीबशी म्हणाली. "पंखा तेव्हाही बंदच होता. ठाऊक होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

ती उगाचच व्हायोलिनची खुंटी पिळत बसली. "...पुन्हा वाजवायचं होतं."

त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं, तिच्यासमोर.

व्हिसा आला. वर्षाचा. तिनं आनंदानं आईला मिठी मारली आणि दुसऱ्या क्षणी रडू कोसळलं. मग जाईपर्यंत दोघं क्षुल्लक कारणांवरून भांडत राहिली. चहा गार झाला, उशीर झाला, फोन का नाही उचललास... खरं तेवढं कुणी बोलेना. जाणाऱ्याला अडवू नये म्हणून तो गप्प, आणि थांबणाऱ्याला बांधून ठेवू नये म्हणून ती.

विमानतळावर आई होती, आणि दोन पावलं मागे तिची बॅग घेऊन तो.

"हे कोण गं?" आईनं विचारलं.

"रेकॉर्डिस्ट," तोच घाईनं म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रांग पुढे सरकत होती.

"आई, वर्षानं परत आले की मी याच्याशी लग्न करणार आहे."

बॅग त्याच्या हातातून धपकन खाली पडली. आईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"त्याला विचारलंयस का?"

"आत्ता विचारतेय."

त्याचे कान लाल झाले. "मी... म्हणजे... माझी काही..."

"अरे बाबा, हो की नाही ते पटकन सांग!" आई कडाडली. "तिचं विमान सुटेल!"

"हो!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की पुढची अख्खी रांग वळून बघायला लागली.