सरांनी न पुसलेले खण

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टेबलाखाली होता आणि बाहेर फक्त दोन वेगवेगळे मोजे दिसत होते. प्रयोगशाळेत चोर शिरला म्हणून मी डस्टर उगारलं, तर आतून अदबीनं आवाज आला, "मॅडम, जरा दिवा लावता का?"

तो आमच्या दिवंगत सरांचा पुतण्या. सरांनी मुलांसाठी एक सिम्युलेटर लिहिला होता — आता कुठेच न उरलेल्या एका जुन्या संगणकाची पडद्यावरची नक्कल. मुलं आज्ञा लिहायची, असेम्ब्लर त्यांचे आकडे करायचा आणि ती नक्कल ते आकडे चालवायची. सर गेल्यापासून मात्र साध्या बेरजा चुकू लागल्या होत्या. परीक्षा तोंडावर, मुलं रडकुंडीला आलेली, आणि काकांचा कोड वाचू शकणारा हा एकटाच.

दोष त्याला लगेच सापडला. सुरुवातीला मेमरीचे सगळे खण शून्य करायला हवेत. काकांनी ते केलंच नव्हतं. रिकाम्या समजलेल्या खणांत आधीचं काहीतरी उरायचं आणि बेरजेत मिसळायचं. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, हेच नवल. "एका ओळीचं काम आहे," तो म्हणाला. मग त्यानं ते उरलेले आकडे अक्षरांत उलगडले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यावर एकच शब्द होता. 'बसा.'

दारात येणाऱ्या प्रत्येकाला सर हेच म्हणायचे. आम्ही दोघंही मुकाट्यानं बसलो.

त्या दिवशी ती ओळ काही लिहिली गेली नाही. दुसऱ्या दिवशी तो काहीतरी निमित्त काढून आला; मीही निमित्त काढून थांबले. दुपारी मुलं गेली की आम्ही खण उघडायचो आणि तिथे नवं काहीतरी असायचं. 'उशीर केलात.' 'जवळ बसा.' अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगते, खुर्ची पुढे ओढायला मला तेवढं कारण पुरायचं. हा त्याचाच चावटपणा, याबद्दल मला शंका नव्हती. मनातून तो आवडतही होता.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आलं — 'सांगून टाक.'

"पुरे आता," मी म्हणाले. "तुम्हीच लिहिता ना हे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं... तुम्ही."

पंखा फिरत होता. मागे वळून पाहायची दोघांचीही छाती झाली नाही.

पण मुलांचं वर्ष वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. त्यानं ती ओळ लिहिली, बटणावर बोट ठेवलं आणि थबकला. ही चालली की काका पुसले जातील, असं काहीतरी पुटपुटला. मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी माझं बोट त्याच्या बोटावर ठेवलं. आम्ही मिळूनच दाबलं. शेवटच्या खणापर्यंत सगळी शून्यं झाली. बेरीज बरोबर आली आणि खोली एकदम मोठी वाटू लागली.

"आता मला यायला निमित्त उरलं नाही," तो म्हणाला. "आणि सांगायचं तर राहिलंच... मला तुम्ही आवडता. हे माझं मीच सांगतोय."

"निमित्त नसलं तरी उद्या या," मी म्हणाले. हसू आवरत नव्हतं, डोळेही पुसावे लागत होते.

"येईन," तो म्हणाला. मग पडद्याकडे एकदा बघून हळूच पुढे म्हणाला, "एकटाच."