आधी दुसऱ्याचं म्हणणं

मालिकेच्या पायी माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, हे यशोधराला मोबाइल हातात आल्यावर कळलं. कान्ह्याच्या शाळेत ती सातवीला गणित शिकवायची आणि संध्याकाळी साडेसातला, भाकरी तव्यावर असली तरी, 'थोरली जाऊ' बघायची. मालिकेतली थोरली एका भांडणानंतर घर सोडून जाते. तिनं बरोबर केलं की चूक, यावरून एका मोठ्या ग्रुपवर अशी धुळवड उडाली की एका निवृत्त गृहस्थांनी एका डॉक्टरीणबाईंना जगणं नकोसं केलं. यशोधरानं तो ग्रुप सोडला आणि स्वतःचा काढला.

तिच्या ग्रुपला नियम तीनच. शिवी नाही, फॉरवर्ड नाही. तिसऱ्याचा मात्र तिला मनातून फार अभिमान होता. ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं, इतकं नीट की समोरच्यानं 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं लिहिलं पाहिजे. मग 'आदर राखून' असं म्हणायचं आणि खुशाल आपलं सांगायचं. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना सवय लागली. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतची बेचाळीस माणसं तिथं रोज भांडायची, पण पंगतीत वाढताना बोलावं तशी. यशोधरा स्वतः कुणाची बाजू घ्यायची नाही. पंचानं खेळायचं नसतं, असं तिचं मत.

त्या बेचाळिसांत तिची आईही होती. शालूबाई कार्ल्याला एकटी राहायची. यशोधराचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक म्हणायची कान्ह्याला चल, आई म्हणायची न्हाई, आणि फोन आदळले जायचे. शेवटी दोघींनी तो विषय सोडला आणि मालिकेवर बोलायला लागल्या. "बाईनं घर सोडू न्हाई. मागं घरानं कुनाच्या तोंडाकडं बघावं?" आई ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकायची. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. यशोधराला ते कळायचं आणि लागायचंही. पण निदान आईचा आवाज रोज ऐकू यायचा.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी कोमलचा मेसेज आला. ही मुलगी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती, कमी लिहायची. तिनं विचारलं, "भाग २१२ परत पाहिला. धाकटी देवापुढं दिवा लावते तेव्हा मागच्या बोळात एक बाई उभी आहे. पोपटी नऊवारी, पाठमोरी. ही कोण?"

लोकांनी भाग काढून पाहिला. कुणालाच बाई दिसली नाही. अमृतनं तर छातीठोक सांगितलं. तो शूटिंगला जनरेटर पुरवायचा आणि तुंगार्लीच्या त्या बंगल्यावर त्या दिवशी हजर होता. नियमाप्रमाणे त्यानं आधी कोमलचं म्हणणं लिहिलं, बोळ, पोपटी लुगडं, पाठ, सगळं. मग लिहिलं, "आदर राखून सांगतो, तिथं बोळच नाही. प्लायवूडची भिंत आहे, मी तिला टेकून वडापाव खाल्लाय."

दुसऱ्या दिवशी अमृतनंच लिहिलं, "माफ करा. मला दिसतेय."

अमृत थट्टा करणाऱ्यातला नव्हता. चार-पाच दिवसांत आणखी नऊ जणांनी तेच लिहिलं. यशोधरानं तो भाग मोबाइलवर थांबवून, मोठा करून पाहिला. भिंत होती, भिंतीला एक खिळा होता, बाकी काही नव्हतं. तिला नवल वाटलं नाही. वर्गात कुणी जळका वास येतोय म्हटलं की निम्मी पोरं नाक धरतात, हे ती वीस वर्षं बघत आली होती.

फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबात बसत नव्हती. पहिल्या दोघांनी बाई पाठमोरी आहे असं लिहिलं होतं. तीन दिवसांनी एकीनं लिहिलं की कान दिसतोय, कानात कुडी आहे. पाचव्या दिवशी कुणाला गाल दिसला. भाग तोच होता, मिनिट तेच होतं.

त्याच दिवशी आईचा आवाज आला. "मला कुनी न्हाई दिसत. भिंत हाय नुसती. उगा कशाला व्हय म्हनू?"

कोमलनं फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, नियम मावशींनाही आहे ना?"

प्रश्न रास्त होता. आपल्या माणसाला सूट दिली तर ग्रुप दोन दिवसांत मोडेल, असं यशोधराला वाटलं. तिनं आईला फोन लावला.

"आई, आधी त्यांचं म्हणणं सांगायचं असतं."

"जे न्हाईच, ते तोंडानं कशाला आनू?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"आईलाबी?"

"आईलाही."

"बरं," शालूबाई म्हणाली. नको असलेलं औषध लेकीच्या हट्टापायी घेताना ती असंच म्हणायची.

थोड्या वेळानं तिचा आवाज ग्रुपवर आला. "कोमलचं म्हननं आसं, की देवाच्या मागं बाई हुबी हाय. पोपटी लुगडं. आदी पाठ हुती, आता हिकडं वळाय लागलीया. कुनाची तरी वाट बघती वाटतं. आदर राखून सांगते, मला न्हाई दिसत." कोमलनं लगेच लिहिलं, "हो मावशी, मला हेच म्हणायचं होतं." यशोधराला आईचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत तिनं मोबाइल पाहिला. अकरा मेसेज होते आणि अकराही एकाच अर्थाचे. बाई आता दिसत नाही. भिंतच आहे. अमृतनं एकच शब्द लिहिला होता, "सुटलो."

शाळा सुटल्यावर, शिक्षकांच्या खोलीत कुणी नसताना, तिनं वहीत दोन रकाने आखले. डावीकडं कोमलचं म्हणणं मांडणाऱ्यांची नावं, उजवीकडं बाई दिसलेल्यांची. कोमल सोडून दहा नावं दोन्हीकडं तीच होती. ज्यांनी मेसेजला नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं होतं त्यांच्यातलं एकही नाव उजवीकडं नव्हतं. डाव्या रकान्यात सगळ्यात शेवटी आई होती. तिच्यासमोरची जागा रिकामी होती.

तिसऱ्यांदा लावल्यावर आईनं फोन उचलला.

"जेवाय बसलोय आमी," ती हळू आवाजात म्हणाली. "मागनं कर."

"आम्ही म्हणजे कोण? आई?"

फोन बंद झाला होता.

कामशेतची खिंड यशोधरानं कधी ओलांडली ते तिला कळलं नाही. दोन्ही अंगाला भाताची झोडणी चालली होती, पेंढ्याचा वास हायवेपर्यंत येत होता. लख्ख ऊन होतं. कार्ल्याच्या फाट्यावर पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या, माणसं कणसं खात होती. इतक्या उजेडात आणि वर्दळीत भिण्यासारखं काय असणार, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं. तरी स्कूटरची मूठ तिनं आणखी पिळली.

दार उघडं होतं. टीव्ही बंद होता आणि त्याच्यावर टॉवेल टाकलेला होता. मोरीत दोन ताटं पडली होती. एक उष्टं होतं. दुसऱ्यात भात, आमटी, भाकरी, सगळं वाढलेलं होतं तसं होतं.

शालूबाई खाटेच्या पार कडेला बसली होती. एका दिवसात तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"आई, ऊठ. आत्ताच्या आत्ता कान्ह्याला चल."

"कशी येऊ? हिला एकटी टाकून?"

"कुणाला?"

आईनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "सकाळधरनं हाय. बोलत न्हाई, जेवत न्हाई. म्या जाईन तिकडं तोंड करती. यशे, मला लय भ्या वाटतंय गं."

आईला भीती वाटते, हे यशोधरानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. वडील गेले तेव्हाही ती असं म्हणाली नव्हती. यशोधरानं दाराकडं पाहिलं. मांडणी, डबे, खिडकीतून आलेलं ऊन.

"आई, तिथं कुणी नाही."

शालूबाईनं वर पाहिलं. खरं सांगूनही कुणी विश्वास ठेवला नाही की माणसाचे डोळे होतात तसे तिचे झाले होते.

"तुज्या गुरुपात आसं चालत न्हाई," ती म्हणाली. "आदी माजं म्हननं सांग. मंग न्हाई म्हन."

यशोधराला वहीतले रकाने आठवले. अकरा जण एकदम सुटले होते, आईनं तोंड उघडल्यावर.

ती खाटेपाशी जमिनीवर बसली. तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले. तिला पळून जावंसं वाटत होतं, ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"आईचं म्हणणं असं आहे," ती म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखा सरळ ठेवला. "स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी आहे. पोपटी नऊवारी. सकाळपासून आहे. बोलत नाही, जेवत नाही. आई जाईल तिकडं तोंड करते."

"व्हय," शालूबाई म्हणाली. "मला ह्येच म्हनायचं हुतं."

आईनं लेकीच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले.

तिनं दाराकडं पाहिलं. मग खोलीभर पाहिलं. मग कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि लेकीकडं बघून कितीतरी दिवसांनी हसली.

"मी हितं एकटी काय करत बसलीया गं? चल, येते तुज्याकडं. दोन लुगडी घेते."

यशोधरा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिली. 'आदर राखून' एवढे दोन शब्द तिला अजून म्हणायचे होते. ते तोंडातून येईनात.

शालूबाईनं पिशवी भरली, देवाला हात जोडले, दाराला कुलूप लावलं. ती माहेरी निघाल्यासारखी खुशीत होती. अंगणात स्कूटरवर लेकीच्या मागं बसताना म्हणालीसुद्धा, "उगा दोन वर्सं भांडलो आपन."

"आई, जरा पुढं सरक."

"आगं, मागं लय जागा हाय की."

"हो," यशोधरा म्हणाली. "थोडी अजून सरक."

दोन्ही आरसे तिनं मागची सीट दिसणार नाही असे हातानं बाहेरच्या बाजूला फिरवले आणि स्कूटर सुरू केली.