इलारिएचं पाणी

बाबांची गाडी तापते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ऑगस्टमधल्या दुपारी मी अंगणात रेडिएटरची खालची नळी सोडली, तेव्हा चहाच्या रंगाचं गढूळ पाणी टबात पडलं. दुसऱ्या दिवशी आईला क्रायोव्हाच्या इस्पितळात न्यायचं होतं. हृदयाची झडप बदलायची होती, आणि ही तारीख चुकली तर आई पुढच्या तारखेपर्यंत टिकेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. गाडी वाटेत उकळून चालणार नव्हती.

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तपासनीस आहे. पाणी मोजणं हाच माझा धंदा. हीटर पूर्ण उघडून तीनदा पाणी खेळवलं. चौथ्यांदा स्वच्छ आलं. नळी आवळून भरायला गेलो, तर नळाचं पाणी गेलं. नेमकं तेव्हाच जायचं असतं त्याला!

ओसरीवर फडक्यानं झाकलेली दहा लिटरची बादली होती, काठोकाठ भरलेली. या गाडीत सहा लिटर मावतं. मी ओतत राहिलो आणि बादली संपली.

खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

तेवढ्यात शेजारची वेतामावशी आली. "दोरिन, इथली बादली कुठंय रे?"

"गाडीत ओतली."

"मेल्या! तुझ्या बापाचं पाणी होतं ते! एकोणचाळीस दिवस विहिरीवरून त्याच्या नावानं वाहतेय मी. उद्या चाळिसाव्याला ओढ्यात सोडायचं होतं. आता तिकडं काय पिणार तो?"

"दुसरी बादली आणू की."

"अन् ओढ्यावर साक्षीला उभं राहणाऱ्याला काय सांगू? बापाचं पाणी पोरानं मोटारीला पाजलं?"

मी ओशाळलो. रीत मला माहीत होती: साक्ष ठेवून ज्याचं नाव घेत पाणी सोडाल, त्या मेलेल्याला ते तिकडं पोचतं. बादली तेवढी ओळखली नाही. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांचं पाणी बंद केलं होतं, आणि त्यांच्या हातातला पेला मीच काढून घेतला होता. ते मला अजून सहन होत नाही.

"परत काढतो," म्हणत नळी सोडली. काहीच आलं नाही. तार घालून पाहिली. ती आरपार गेली. इंजिन वीस मिनिटं चालवलं. तापमानाचा काटा तळाशीच. रेडिएटरला हात लावला, तर गार. माझं डोकं चालेना.

"चालतेय ना?" आई ओसरीवरून म्हणाली. "मग राहू दे."

सकाळी निघताना वेतामावशीनं रिकामी बादली मागच्या सीटवर ठेवली. "मिळालंच, तर सोड. नाव घ्यायला विसरू नकोस."

क्रायोव्हापर्यंत काटा हलला नाही. आईला दुसऱ्या मजल्यावर दाखल करून खाली आलो, तर गाडीखाली पाणी ठिबकत होतं. नळी घट्ट होती. बादली लावली. ती काठोकाठ भरली आणि ठिबकणं थांबलं.

दहा लिटर. बर्फासारखं गार.

आसपास कोणी नव्हतं. तरी लाज वाटलीच. आवारातल्या झाडाखाली बादली उपडी केली. बाबांचं नाव घेतलं, "हे पाणी इलारिएचं. झाडा, तू साक्षी."

उन्हानं भेगाळलेली माती. पाणी मुरलं नाही.

पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा.

पाणी तसंच उभं. बुटानं ढवळलं.

वर खिडकी उघडली. नर्स आईचं नाव घेऊन ओरडली, "पारास्किवाबरोबर कोण आलंय? लवकर वर या!"

पायाशी घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

खाली पाहिलं. माती कोरडी होती.