शुक्र दिसेपर्यंत

तलासरीच्या हायवेवर डहाणूची बस नेहमीसारखी उशिरा होती. २०१८ चा जानेवारी. पूर्वेकडे एक टपोरा तारा वर आला आणि मी जयश्रीला, माझ्या मैत्रिणीला, म्हटलं, "संपलं गं! शुक्र उगवला. आता बाबा वापीला होकार कळवणार."

"तो व्याध आहे," शेजारून कुणीतरी म्हणालं. "शुक्र संध्याकाळी पूर्वेला कधीच नसतो."

न विचारता शिकवणारी माणसं मला आवडत नाहीत. पण याने माझं लग्न लांबवलं होतं, म्हणून मी चक्क हसले.

तो जतीन. चिंचणीचा, तलासरीत विज्ञान शिकवणारा. मी तिथेच पंचायत समितीत नोकरीला, आणि घर डहाणूला, चिकूच्या वाडीत. शुक्राचा लोप असताना लग्नाचं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यात बाबांचा हट्ट असा की पंचांग काहीही म्हणो, शुक्र स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. तो दिसला की वापीच्या मुलाला होकार, असं ठरलेलं.

मग रोज बसमध्ये हेच.

"शुक्र खरंच एवढा तेजस्वी असतो?"

"व्याधाच्या नऊ-दहापट."

"फेकू नका!"

"दोघं एकदम दिसले की दाखवतो..."

मला घाई नव्हती. जतीन शेजारी बसला की डहाणू फार लवकर यायचं, एवढीच माझी तक्रार.

होळीनंतर एका संध्याकाळी बाबा अंगणातून ओरडले, "मयुरा, शुक्र दिसला! वापीला फोन लाव."

चिकूंच्या वर व्याध लुकलुकत होता.

"बाबा, तो शुक्र नाही!"

"एवढा झगझगीत दुसरा कोण असणार?"

कसंबसं त्यांना एक दिवस थांबवलं आणि जतीनला बोलावलं. बजावूनही ठेवलं, "हा व्याध आहे, एवढंच सांगायचं. पुढे गप्प बसायचं."

त्याने मान हलवली आणि बाबांना थेट समुद्रावर नेलं. वाडीतून पश्चिम दिसतच नाही, सुरूची झाडं आड येतात. सूर्य बुडाला. लाली असतानाच पाण्याच्या जरा वर एक ठिपका उजळला. थोड्या वेळाने दक्षिणेला, उंचावर, व्याधही दिसू लागला.

"काका, कालचा तो. शुक्र हा. आता तुम्हीच बघा."

बाबांनी दोनदा मान फिरवली. "आयला, याच्यापुढे तो काहीच नाही!"

या शहाण्याने खरा शुक्रच दाखवून टाकला होता! बाबांचा हात मोबाइलकडे गेला.

"काका, फोनच्या आधी एक..." जतीन अडखळला. "शुक्र दिसेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून थांबलो होतो. मला मयुराला मागणी घालायची आहे."

बाबा माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. कान तापले होते. "पण मला वापी नको, बाबा. मला जतीन हवाय."

घरात इतकं सरळ मी कधीच बोलले नव्हते. बाबा मोबाइल खिशात ठेवत जतीनला म्हणाले, "आईवडिलांना बोलणीला कधी घेऊन येताय?"