डाव्या दिव्याचा तिसरा मृत्यू

"मास्तर, डावा दिवा परत गेला!"

फोनवर नर्सबाईंचा आवाज एवढा चढला होता, की दुकानाच्या बाकावर झोपलेलं मांजर उठून चालतं झालं.

"मागचाच?" ठिणगीमास्तरांनी विचारलं.

"मागचाच! चार वाजता तपासणी आहे. तिसरी. आता नापास झाली तर गाडी कायमची बंद करतात. मग टेकडीवरच्या अठरा पेशंटांकडे काय मी उडत जाऊ?"

मास्तरांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. त्यांनी करंट तपासायचा टेस्टलॅम्प खिशात कोंबला आणि दुकानाला कुलूप घातलं.

गाड्यांच्या वायरी दुरुस्त करणारे ठिणगीमास्तर म्हणजे साधी असामी नव्हे. जळक्या वायरीचा वास त्यांना पलीकडच्या गल्लीतून येई, आणि लोक सांगतात की एकदा त्यांनी नुसतं डोळे वटारून बिघडलेला हॉर्न वाजवला होता. पण या एका गाडीने त्यांची झोप उडवली होती.

गाडी तीस वर्षांची, आकाशी रंगाची. पहिल्या तपासणीला तिचा मागचा डावा दिवा मेला, तो गंजामुळे. मास्तरांनी डिकीतला पत्रा खरवडून अर्थिंगची वायर घट्ट बोल्टने आवळली. दिवा लख्ख लागला, पण दुसऱ्या तपासणीच्या सकाळी पुन्हा मेला. मास्तर एवढे भडकले, की जुन्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. नवा दिवा, नवी वायर, नव्या जागी नवं अर्थिंग. आठ दिवस दिवा ठणठणीत होता.

आणि आज पुन्हा मढं.

बाईंच्या घराच्या अंगणात तिघं उभी होती. हाताची घडी घातलेल्या नर्सबाई. मोबाइलमध्ये डोकं घातलेला त्यांचा थोरला भाऊ. आणि फडक्याने गाडीचा दरवाजा घासत असलेले त्यांचे वडील. म्हाताऱ्याने उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. गावात सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत.

"बोटं लावू नका दरवाज्याला," पेंटरकाका म्हणाले. "आत्ताच पुसलाय."

"मग उघडू कशानं, पायानं?"

"पायांचे तर त्याहून मोठे ठसे उमटतात."

मास्तर दात आवळून मागे गेले. टेस्टलॅम्पचा चिमटा मागच्या बंपरला लावला, टोक दिव्याच्या वायरीला टेकवलं. टेस्टलॅम्प पेटला. म्हणजे करंट येत होता. बल्ब काढून थेट बॅटरीवर धरला. तोही पेटला. पुन्हा जागेवर बसवला.

अंधार.

"बाई, ब्रेक दाबा."

नर्सबाईंनी ब्रेक दाबला. डावा दिवा मख्ख. पण आतून त्या ओरडल्या, "मास्तर, हे काय? ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचं घड्याळ उजळतंय!"

"सोडा. दाबा. सोडा." मास्तरांनी कपाळावर हात मारला. "ब्रेक मागे आणि उजेड पुढे! ही गाडी आहे की भुताचा बंगला?"

"तुम्ही अर्थिंग बघितलंत?"

"ते मी माझ्या हाताने बांधलंय, बाई. हत्तीने ओढलं तरी सुटायचं नाही."

एक वाजला. मास्तरांनी ब्रेकचा स्विच बदलला. सगळे फ्यूज काढून बघितले. स्टिअरिंगखाली डोकं घातलं, ते बाहेर काढताना दोनदा आपटलं. दोन वाजले. शेवटी घाम पुसत ते जमिनीवरच बसले.

"आता गाडी नको," ते म्हणाले. "आता माणसं तपासतो. काल ही कोणी चालवली?"

"मी," भाऊ म्हणाला. "पेट्रोल भरून आणली."

"दादा, तुम्हीच म्हणत होता ना, बाईंनी ही गाडी विकून दवाखान्यात टेबलावर बसून काम करावं?"

"म्हणतोच! टेकडीच्या वळणांवर हिला चालवताना बघितलं की मी डोळेच मिटून घेतो."

"आणि डिकी उघडलीत?"

"मास्तर, मला डिकीची चावी कुठली तेसुद्धा माहीत नाही. आमच्याकडे पान्ह्याला हात लावणारे बाबाच."

"दादा खरं बोलतोय," नर्सबाई म्हणाल्या. "हा बल्ब बदलायलाही मला बोलावतो."

मास्तरांनी डिकी उघडली. "डिकीत कसला वास येतोय, बाई?"

"टर्पेंटाइनचा. घरभर येतो. बाबांच्या कपड्यांना येतो. आमच्या उशांनासुद्धा येतो."

मास्तरांनी वैतागून चिमटा उचलला आणि डिकीच्या कडेला लावायला गेले. तोच पेंटरकाका कडाडले.

"रंगावर चिमटा लावू नका! ओरखडा येतो. आधीच दोनदा वाट लावलीत. पहिल्यांदा नाण्याएवढा पत्रा उघडा केलात, नंतर चांगला बशीएवढा!"

मास्तरांचा हात हवेतच थांबला.

"काका," ते हळूच म्हणाले, "ते डाग स्टेपनी टायरच्या खाली आहेत. सतरंजीच्याही खाली. मी कोणाला दाखवले नाहीत. तुम्हाला त्यांचं माप कसं कळलं?"

म्हाताऱ्याने फडक्याची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली.

मास्तरांनी टायर बाहेर काढला, सतरंजी भिरकावली. डिकीचा तळ आकाशी रंगात आरशासारखा चमकत होता. त्यात बोल्टही आकाशी, वायरीची कडीही आकाशी. कुठे खरवडल्याचा मागमूस नव्हता.

"बाबा?" नर्सबाईंचा आवाज चिरकला.

"सांगतो," मास्तर म्हणाले आणि प्रथमच हसले. "दिव्याला करंट वायरीने येतो आणि परत जातो गाडीच्या पत्र्यावरून. वायर जिथे पत्र्याला भेटते, तिथे पत्रा उघडाच हवा. मी तो खरवडला, काकांना ती जखम दिसली. तपासणीच्या आदल्या दिवशी काका गाडी नटवतात, डिकीसुद्धा रिकामी करून पुसतात. त्यांनी बोल्ट काढला, पत्रा रंगवला, बोल्टही रंगात बुडवला. सकाळी रंग सुकल्यावर सगळं होतं तसं आवळून ठेवलं. रंगातून करंट जात नाही. परतीची वाट बंद झाली, म्हणून ब्रेकचा करंट चोरवाटेने पार्किंगच्या वायरीत शिरला आणि पुढचं घड्याळ पेटलं. मी चिमटा बंपरला लावत होतो, तो उघडा धातू. म्हणून माझा टेस्टलॅम्प प्रत्येक वेळी पेटत राहिला."

"बाबा, तुम्ही माझी गाडी मारत होता?"

"मारत?" पेंटरकाकांनी फडकं खाली आपटलं. "मी वाचवत होतो. नाण्याएवढा गंज सहा महिन्यांत अख्खी डिकी खातो. तू त्या टेकडीवर एकटी जातेस. मला दिव्यातलं काही कळत नाही. रंगातलं कळतं, ते केलं."

भावाने मोबाइल खिशात ठेवला.

"गुन्हेगार दोन आहेत," मास्तर पुटपुटले. "दुसरा मी. बाईंनी अगदी सुरुवातीलाच अर्थिंगचं विचारलं होतं. पण स्वतःच्या हातचं काम तपासायला माझा हात धजला नाही."

अडीच वाजता मास्तरांनी पत्रा तिसऱ्यांदा खरवडला. पेंटरकाकांनी तोंड फिरवलं, जणू कोणी लेकराचे केस भादरतंय. बोल्ट आवळला. ब्रेक दाबला. डावा दिवा असा लागला, की भावाने डोळ्यांवर हात घेतला.

"वर ग्रीस फासतो," मास्तर म्हणाले. "गंज जवळ येणार नाही. पण काका, ब्रश लांब."

"शब्द दिला. फक्त पाच मिनिटं द्या."

चार वाजता तपासनीसाने दिवे बघितले, ब्रेक बघितले, शिक्का मारला. मग स्टेपनी आणि सतरंजी बाजूला करून डिकीत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्या बोल्टभोवती, बोटभर अंतर सोडून, लाल ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : "येथे रंग देऊ नये. हुकुमावरून." तपासनीसाने आपल्या कचेरीच्या पाटीसाठी पेंटरकाकांचा पत्ता लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ठिणगीमास्तरांनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या गाडीला टेस्टलॅम्प लावला. पेटला नाही. दुसरीला लावला. नाही. तासभर त्यांनी तीन गाड्यांच्या वायरी उसकटल्या, बॅटरीला शिव्या घातल्या. मग काहीतरी आठवून टेस्टलॅम्प उजेडात धरला.

त्याचा गंजका चिमटा, दातांसकट, कोणीतरी कृतज्ञतेने आकाशी रंगवला होता.