लेखी होकार

भोरच्या एसटी स्टँडासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर एकच चालू होता, आणि त्याच्यासमोर एक दांडगा तरुण सातबाऱ्याची वाट बघत ऐसपैस बसला होता. नूतन छत्री मिटायचीसुद्धा विसरली.

"अहो, उठता का जरा? सहाच्या आत झालं नाही तर माझं वर्ष गेलं!"

त्यानं छत्रीवरून गळणाऱ्या पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हितं सकाळपास्नं माझा सातबारा निघंना... बसा. पण आधी ती छत्री मिटवा. आतमध्ये पाऊस न्हाई."

नूतन उत्रोलीची. भाताच्या जुन्या वाणांवर पीएच.डी. करत होती. तिचा शोधनिबंध एका विज्ञानपत्रिकेनं घेतला होता, फक्त एक मेख मारून ठेवली होती – संदर्भ आडनावांच्या क्रमानं नकोत, मजकुरात जसे येतात तसे आकडे घालून हवेत. आजच, सहापर्यंत. निबंध निघाल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नव्हतं, आणि मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. हे काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपात होतं. तो लॅपटॉप काल विजेच्या झटक्यानं गेला, आणि उत्रोलीत अजून लाइट नव्हती. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

ती हातानंच आकडे घालू लागली. निम्मं झालं आणि पहिल्याच पानावर सुटलेला एक संदर्भ सापडला. आता पुढचा प्रत्येक आकडा एकानं सरकणार... तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी वाचतो, तुम्ही आकडे घाला," मागून आवाज आला.

"इंग्रजी आहे."

"मग? बी.एस्सी. झालोय. आता शेळ्या राखतो, पण त्या काय इंग्रजी विसरायला लावत न्हाईत." त्यानं स्टूल ओढलं. "धनाजी रेणुसे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वस्ती."

काम पळायला लागलं. तो वाचे, ती आकडा घाले. मधेच तो थबकला. "ह्यांच्यापुढं 'आणि इतर'. त्यांच्यापुढं बी 'आणि इतर'. राबलं कोण अन् नाव कुणाचं, देव जाणे!"

नूतन हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. एका ओळीवर दोघांचीही बोटं टेकली... कुणी आधी काढलं, हे तिला नंतर काही केल्या आठवेना.

"'पीक कापायच्या आधी वावराच्या मधल्याच लोंब्या बियाण्याला निवडतात,'" तो मराठी करून वाचत होता, "'कुंडलिक रेणुसे, तोंडी माहिती'..." आणि तो खो खो हसत सुटला. "अहो, हे तर आमचं आप्पा!"

"तुमचे वडील? म्हणजे तो होकाराचा ईमेल–"

"मीच धाडला, त्यांच्या नावानं. तोंडी माहितीला लेखी होकार लागतो असं तुमीच कळवलं होतं न्हवं? तवा पुण्यात नोकरीला होतो मी. पण आप्पांना लोंब्यांतलं काय कळतंय? जन्म गेला टेम्पो चालवण्यात."

गेल्या सुगीतली ती दुपार नूतनला लख्ख आठवली. ओट्यावर आप्पा. ती प्रश्न विचारायची, आप्पा "हां, हां" करायचे, आणि आत भाकरी थापता थापता कुणीतरी बोलायचं, "मधल्या घ्यायच्या म्हनावं, बांधाकडच्या न्हाई." आप्पा तेच पुन्हा सांगायचे. आणि तिनं सगळं आप्पांच्या नावावर टिपून घेतलं होतं. तिची स्वतःची आईही पाहुण्यांशी अशीच आतून बोलायची, त्यामुळे तिला त्यात वावगं असं काही वाटलंच नव्हतं.

"आतून बोलत होत्या त्या..."

"आई. धोंडाबाई. राहू द्या हो, तिला काय फरक पडतोय?"

"आणि तुम्हाला?" नूतन गर्रकन वळली. "राबलं कोण अन् नाव कुणाचं, हे आत्ता कोण म्हणालं?"

धनाजीचं हसू मावळलं. बाहेर पावसाची सर पत्र्यावर बडवत होती.

"जुनंच ठिवलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"छापून येईल."

"अन् आईचं घातलं, पण होकार न्हाई मिळाला तर?"

"परत येईल. वर्ष जाईल." तिनं पडद्याकडे बघितलं. "पण आप्पांचं ठेवलं तर मला ते पान उघडायचं धाडस व्हायचं नाही."

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिला पदर नसतानाही पदर सारखा करावासा वाटला. मग फोन काढून वेल्ह्यातल्या मित्राला लावला. "सोनबा, वेल्ह्यातच हायेस न्हवं? गाडी काढ. वस्तीवर रेंज न्हाई, तूच जा. आई खालच्या वावरात तण बेणायला असंल. सुगीत लोंब्यांचं इचारायला आलेल्या बाईंना तिचं नाव छापायचंय म्हणावं, तिच्या हातचा होकार लिहून घे, फोटो काढ, अन् रेंजमध्ये येऊन धाड. कशाला-बिशाला इचारू नको, पळ!"

आकडे पुरे झाले. नूतननं नाव खोडलं, आणि त्या जागेकडे बघत दोघं बसून राहिली. दुकानदारानं चहा आणला. तो गार झाला. सहाला थोडाच वेळ उरला होता. धनाजी उठून दारापर्यंत जाई, परत येई.

फोन वाजला. फोटो होता. भिजक्या कागदावर वाकडी, ठाम अक्षरं – माजी हरकत न्हाई. धोंडाबाई. मागोमाग सोनबानं टिपून धाडलेला तिचा आवाजही आला, "धना, घाल म्हनावं माजं नाव. पर ह्यांचं बी कुठंतरी घालाय सांग, न्हाईतर जेवायला बसायचं न्हाईत. अन् त्या पोरीचं लगीन ठरलंय का–"

धनाजीनं फोन घाईघाईनं खिशात कोंबला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"आप्पांना आभारात घालते," नूतन मान खाली घालून म्हणाली. "तुमचंही घालू नाव?"

"नको. आभार मानले की माणूस मोकळा होतो."

तिनं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं... आणि 'मिळाले' असं आलं. नूतन खुर्चीत मागे टेकली आणि रडायलाच लागली.

बाहेर सर ओसरली होती. धनाजीनं फोटो तिच्या मोबाईलवर पाठवला, गाडीला किक मारली, आणि इंजिनाच्या आवाजाचा आडोसा घेऊन म्हणाला, "नूतन, तुमी मला आवडलात. लई. सवडीनं सांगा काय ते. फक्त... वेल्ह्याच्या पुढं मला रेंज न्हाई."

ती काही म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा.

उत्रोलीची एसटी रात्रीच मिळाली; तिच्यात ती लिही, पुसे, पुन्हा लिही. घराच्या पायरीवर अखेर धीर करून तिनं पाठवलं. एकच खूण. एकच. गेला असेल का तो वेल्ह्यापुढं? आधी पाठवायला काय झालं होतं! आईनं आतून हाक मारली, तरी तिचा पाय हलेना.

खुणा दोन झाल्या. मग निळ्या.

"वेल्ह्यातच थांबलोय, सोनबाच्या पडवीत. रेंज येती-जाती," त्यानं लिहिलं होतं. "म्हटलं, लेखी आल्याबिगर घरी जायचं न्हाई."

त्याच्यावर तिचीच ओळ होती – माजी हरकत न्हाई. नूतन.